शिराकामीचं जंगल वाचलं. मग आत कोणी जायचं?

१९८७ सालच्या शरद ऋतूत जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतात एक सरकारी सूचना निघाली. अमुक डोंगरातल्या जंगलाचा पाणलोट-राखीव दर्जा रस्त्यासाठी उठवायचा आहे, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. असल्या सूचना कुठल्याही देशात कोणी वाचत नाही. आपल्याकडे त्या कोपऱ्यातल्या एका वर्तमानपत्रात बारीक टाइपात येतात आणि मुदत टळून गेल्यावर गावाला कळतात. इथे मात्र मुदत संपेपर्यंत १३,२०२ हरकती दाखल झाल्या. जिल्ह्यातल्या कारकुनाने इतकी पाकिटं आयुष्यात कधी उघडली नसतील.

त्या पाकिटांमुळे शिराकामी-सान्ची नावाच्या डोंगररांगेतलं बीचचं अरण्य वाचलं. ही गोष्ट बहुतेक वेळा इथवरच सांगितली जाते: रस्ता थांबला, जागतिक वारशाचा शिक्का बसला, टाळ्या. मला या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जंगल वाचल्यावर त्याच्या दाराला जे कुलूप लागलं, ते कोणासाठी होतं आणि कोणाला लागलं, हा तो भाग. पण आधी जंगल.

नकोसं झाड

बीच म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कळंगुट येतं, म्हणून पुढे मी जपानी नावच वापरतो: बुना. करड्या-पांढऱ्या गुळगुळीत सालीचं, उंच वाढणारं, पानगळीचं झाड. जपानीत ते लिहायची एक चित्रलिपी आहे. तिच्यात डावीकडे ‘झाड’ आणि उजवीकडे ‘नाही’. झाड असून नसल्यासारखं. लोक या अक्षराचा अर्थ असाच लावतात आणि त्यामागचं कारणही सांगतात: बुनाचं लाकूड ओलं असताना लवकर कुजतं, वाळताना वाकतं, घराच्या खांबाला चालत नाही. सुतारांनी नाकारलेलं झाड म्हणून ते शतकानुशतकं उभं राहिलं.

उपयोगाचं नव्हतं ते सुतारांना. डोंगराखाली भात लावणाऱ्याला विचारलं तर उत्तर वेगळं. बुनाच्या फांद्या तिरप्या वर चढलेल्या असतात आणि साल गुळगुळीत, त्यामुळे पावसाचं पाणी पन्हळीतून यावं तसं खोडावरून सरळ मुळाशी उतरतं. खाली वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याची जाड गादी. ती पाणी धरून ठेवते आणि ओढ्यात सावकाश सोडते. जपानी लोक या जंगलाला ‘हिरवं धरण’ म्हणतात. शब्द थोडा प्रचारकी आहे, पण पुढे या शब्दानेच लढाई जिंकली.

शिराकामी-सान्ची म्हणजे आओमोरीचा नैर्ऋत्य कोपरा आणि आकिता प्रांताचा वायव्य कोपरा मिळून सुमारे १,३०,००० हेक्टरची डोंगराळ पट्टी. शिखरं फार उंच नाहीत, १,२०० मीटरच्या थोडी वर. पण उतार उभे आणि दऱ्या खोल. ओढ्याच्या पात्रातून चालणं हाच बऱ्याच ठिकाणी एकमेव रस्ता. पश्चिमेला जपानचा समुद्र. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा कोरडा वारा त्या समुद्रावरून ओल उचलतो आणि ती बर्फ बनून या डोंगरांवर उतरते, कित्येक मीटर. हा बर्फ बुनाचा मित्र आहे. शरदात खाली पडलेल्या बिया त्याखाली ओलसर आणि उंदरांपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. कोवळी रोपं बर्फाच्या भाराखाली आडवी होतात आणि वसंतात पुन्हा सरळ होतात. ज्या झाडांना हे वाकणं जमत नाही ती मागे पडतात. म्हणून इथे मैलोन्‌मैल जवळपास एकट्या बुनाचं राज्य आहे. हे अरण्य सुमारे ८,००० वर्षांपूर्वी आकाराला आलं असं मानतात.

मार्च-एप्रिलमध्ये एक सुंदर गोष्ट दिसते. सगळीकडे अजून बर्फ आहे, पण प्रत्येक बुंध्याभोवती तेवढ्यापुरता वितळून गोल खळगा पडलेला. माडाला आळं करावं तसं, पण बर्फातलं. ऊन खाऊन तापलेल्या खोडाने ते केलेलं असतं.

रहिवासी, दोन पायांचे धरून

बुनाला दरवर्षी फळ येत नाही. पाच-सात वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर एकदम लगडतात, मधल्या काळात थोडं किंवा काहीच नाही. तिकोनी, छोटं, तेलकट बी असतं. माणसालाही खाता येतं. या अनियमित हिशोबावर सगळ्या जंगलाची पोटं चालतात. उंदरांची संख्या तिच्यावर, म्हणून घुबडांची तिच्यावर. सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे अस्वल. जपानी काळं अस्वल वसंतात बुनाच्या कोवळ्या कळ्या खायला शेंड्यापर्यंत चढतं आणि शरदात बियांसाठी पुन्हा. फांद्या ओढून, मोडून, खाऊन झाल्या की त्या बुडाखाली घालतं. झाडावर मचाण बांधल्यासारखा ढीग तयार होतो. पानं गळल्यावर हे ढीग लांबून दिसतात. सालीवर नखांचे ओरखडे राहतात, कारण बुना साल टाकत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे कामोशिका आहे: शेळीच्या गोत्रातला, पण दिसायला ना धड शेळी ना धड हरीण असा केसाळ, एकांडा प्राणी. माणूस दिसला की पळायच्या आधी कड्यावर उभा राहून बराच वेळ टक लावून बघतो. ही सवय एके काळी त्याच्या जिवावर उठली. १९५५ पासून त्याला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ असा दर्जा आहे. आपण किल्ल्यांना देतो तसा दर्जा प्राण्याला देण्याची जपानी पद्धत मला आवडते. शिवाय हिवाळ्यात साली आणि कळ्यांवर तग धरणारी माकडं, सोनेरी गरुड, मुठीत मावेल एवढा, उंदरासारखा दिसणारा झोपाळू यामाने, आणि ८७ जातींचे पक्षी.

पक्ष्यांत एकाचं नाव या प्रकरणात साक्षीदार म्हणून येतं. कुमागेरा, म्हणजे कावळ्याएवढा काळा सुतारपक्षी, डोक्यावर लाल टोपी. तो उत्तरेच्या होक्काइदो बेटाचा पक्षी समजला जाई. मुख्य बेटावर, होन्शूवर, त्याचं घरटं पहिल्यांदा मिळालं तेच मुळी १९७० च्या दशकाच्या शेवटी, आकिता प्रांतातल्या दुसऱ्या एका डोंगरात. त्याला घरट्यासाठी जाड, सरळसोट, खालच्या फांद्या नसलेलं झाड लागतं, म्हणजे साप वर येत नाही. तसं झाड म्हणजे म्हातारा बुना. रस्त्याचा वाद चालू असतानाच शिराकामीतही त्याचा वावर आढळला.

आणि माणसं. या डोंगरांच्या कुशीतल्या गावांमधून शिकारीची परंपरा असलेले लोक होते, मातागी. वसंतात बर्फाचा थर कडक झाला की टोळीने अस्वलाच्या मागावर जायचं, उन्हाळ्यात ओढ्यातले मासे, इतर वेळी नेच्यांचे कोवळे कोंब आणि अळंबी. टोळीच्या म्होरक्याला शिकारी म्हणायचे. होय, तोच उच्चार. आपल्या शब्दाशी नातं नाही, निव्वळ योगायोग, पण वाचताना दचकायला होतं. डोंगरात शिरल्यावर गावची भाषा बंद. अस्वलाला, कुत्र्याला, भाताला वेगळे शब्द. डोंगराची देवी रूपाने कुरूप आणि स्वभावाने मत्सरी, म्हणून तिला खूश करायला तिच्याहून कुरूप असा ओकोझे मासा वाळवून जवळ ठेवायचा: तो बघून तिला हसू येतं आणि ती शिकार देते. मारलेल्या अस्वलाचे विधी होतात, मांस टोळीत समान वाटलं जातं, आणि वाळवलेलं पित्त औषध म्हणून विकलं जाई, ते चांगल्या किमतीला.

मातागी बुनाच्या सालीवर कोयत्याने खुणा करत. तारीख, नाव, किती अस्वलं मिळाली. बुना साल टाकत नाही, म्हणून झाड जाड होत जाईल तशी अक्षरंही रुंदावत जातात. ज्याला नंतर ‘मानवी स्पर्श न झालेलं अरण्य’ म्हटलं गेलं, त्याच्या खोडांवर माणसांनी हिशोब लिहून ठेवलेला होता.

रस्ता

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला घरं बांधायला लाकूड हवं होतं. १९५० च्या दशकापासून सरकारी धोरण असं: जुनं पानगळीचं जंगल तोडा, तिथे सुगी लावा. सुगी म्हणजे आपली कापणीची सुगी नव्हे, सरळ वाढणारा जपानी देवदार. पण सरकारला त्यात सुगीच दिसत होती. लाकूड वाळवण्याचं तंत्रही सुधारलं होतं, त्यामुळे नकोसा बुना आता खुर्च्या-टेबलांसाठी चालू लागला. उत्तर होन्शूतली बुनाची जंगलं भराभर गेली. शिराकामी उरलं ते कोणी राखलं म्हणून नव्हे. ते दुर्गम होतं, एवढंच.

दुर्गमतेवर उपाय म्हणजे रस्ता. आओमोरीतलं निशिमेया आणि आकितातलं हाचिमोरी यांना डोंगराच्या माथ्यावरून जोडणारा, तीस किलोमीटरच्या आसपास लांबीचा वनरस्ता. नाव दोन्ही प्रांतांची आद्याक्षरं जोडून: सेइशू. मागणी १९७८ पासूनची, मंजुरी आणि काम १९८२ पासून. मागणी करणारे खलनायक नव्हते. तरुण शहरात निघून गेलेले, शाळा ओस पडत चाललेल्या, हिवाळ्यात बर्फाने कोंडलेल्या गावांना रस्त्याच्या कामावर मजुरी मिळणार होती आणि नंतर लाकूड. वनखातं आपल्या लाकूडविक्रीवर चालायचं आणि कर्जात बुडत होतं. त्यालाही नवे डोंगर हवे होते. वर्षातला निम्मा काळ बर्फाखाली राहणाऱ्या, कोणालाही कुठेही न नेणाऱ्या रस्त्यासाठी एवढी कारणं पुरेशी ठरली. विकासाच्या नावाखाली निघणाऱ्या प्रस्तावांचा हा नमुना कोकणातल्या कुठल्याही तालुक्यात ओळखू येईल.

विरोध दोन्ही बाजूंनी उभा राहिला. आओमोरीत गिर्यारोहक आणि लेखक माकोतो नेबुका पुढे होते; मातागींच्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. आकितात निसर्गप्रेमी, शिक्षक, पक्षीनिरीक्षक. जपानची निसर्ग संवर्धन संस्था मदतीला आली, परिषदा भरल्या, कुमागेराचे फोटो छापून आले. तरी रस्ता पुढे सरकतच होता. हे नमूद करण्यासारखं आहे, कारण पक्षी आणि सौंदर्य यांच्या जोरावर ही लढाई बहुधा हरलीच असती.

तिला कलाटणी मिळाली ती एका वळणामुळे, शब्दशः. मूळ आखणी आकिताच्या बाजूला कासुगे नदीच्या उगमाजवळून जात होती. खालच्या फुजिसातो गावाने आमच्या पाण्याचं काय, म्हणून आवाज उठवला. मग १९८५ मध्ये आखणी सरकवली गेली आणि रस्ता आओमोरीच्या आजिगासावा तालुक्यातल्या आकाइशी नदीच्या डोक्यावर गेला. एका गावाची तक्रार मिटवायची तर दुखणं शेजारच्या खोऱ्यात ढकलायचं. कागदावर सोपं होतं. पण हे वळण घेणाऱ्यांनी आकाइशी खोऱ्याचा इतिहास वाचलेला नसावा.

१९४५ च्या मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या दिवसांत, आकाइशीच्या वरच्या अंगाला तुंबलेलं पाणी एका रात्री चिखल-दगडांसकट सुटलं आणि एक वाडी वाहून गेली. ८७ माणसं गेली. वर जे होतं ते खाली येतं, हे या खोऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय नदीचं बरंचसं पाणी एका धरणातून बोगद्याने वीजनिर्मितीसाठी आधीच दुसरीकडे वळवलेलं होतं. सोनेरी छटेच्या आयू माशासाठी नावाजलेली नदी डोळ्यांदेखत रोडावली होती. रस्ता त्यांच्या बाजूला येतोय आणि फायदा दुसऱ्याच गावांना, हे कळल्यावर शेतकरी आणि कोळी यांनी तोवर शहरी मंडळींची वाटणारी चळवळ आपली केली.

आता कायदा. जपानच्या वनकायद्यात पाणलोटासाठी राखीव ठेवलेल्या जंगलाचा दर्जा काढायचा असेल तर आधी सूचना द्यावी लागते, तीस दिवसांत हितसंबंधितांना लेखी मत मांडता येतं आणि तशी मतं आली तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. ‘हितसंबंधित’ म्हणजे कोण? पक्षी बघायला येणारा तोक्योचा प्राध्यापक नक्कीच नाही. पण ज्याच्या शेतात त्या डोंगराचं पाणी येतं, तो नक्की. त्या १३,२०२ पत्रांपैकी हजारावर पत्रं थेट आकाइशी खोऱ्यातल्या रहिवाशांची होती. बाकीच्या बारा हजारांनी बातमी झाली, आणि या हजारांनी कायदेशीर पेच टाकला, असं माझं वाचन आहे. सुनावणी घेतली असती तर वर्षं गेली असती आणि रोज वर्तमानपत्रात १९४५ ची रात्र छापून आली असती.

आओमोरीचे गव्हर्नर मासाया कितामुरा यांनी त्या वर्षाअखेरीस या रस्त्याच्या गरजेविषयी जाहीर शंका व्यक्त केली. रस्त्याच्या बाजूचे समजले जाणारे गव्हर्नरच असं बोलल्यावर काम थांबलं. १९९० मध्ये वनखात्याने १६,९७१ हेक्टर क्षेत्र परिसंस्था-राखीव म्हणून जाहीर केलं आणि सेइशू रस्ता अधिकृतपणे संपला. आकिताच्या बाजूला बांधून झालेला तुकडा मात्र तसाच आहे. तो फुतात्सुमोरी शिखराच्या पायथ्याला एकाएकी थांबतो आणि तिथून पायवाट सुरू होते. ज्या रस्त्याने अरण्य जायचं होतं, त्याच्या तुटक्या टोकाला आज गिर्यारोहक गाडी लावतात.

शिक्का आणि कुलूप

डिसेंबर १९९३ मध्ये याच १६,९७१ हेक्टरला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. त्या दिवशी जपानची पहिलीवहिली चार स्थळं यादीत गेली: होर्यू-जी मंदिर, हिमेजीचा किल्ला, याकुशिमा बेट आणि हे अरण्य. क्षेत्राचे दोन भाग: आतला गाभा १०,१३९ हेक्टर, भोवतीची पट्टी ६,८३२ हेक्टर. गाभ्यात माणसाने काहीही करायचं नाही, निसर्गाचं निसर्गाला बघू द्यायचं.

शिक्का बसताच पर्यटकांच्या बस येऊ लागल्या, आणि प्रश्न आला: गाभ्यात कोणाला सोडायचं?

आकिताच्या बाजूचं उत्तर होतं: कोणालाच नाही. तिथल्या बऱ्याच कार्यकर्त्यांनाही ते पटलं होतं. इतकी वर्षं झगडून वाचवलेलं जंगल हौशी पायांखाली तुडवलं जाईल ही भीती खोटी नव्हती. आओमोरीत नेबुका आणि इतरांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं: हे जंगल माणसांनी वापरत वापरत जपलं आहे, वाटा माहीत असलेली माणसं नाहीशी झाली तर उद्या इथे काय चाललंय ते कोणाला कळणार? रस्त्याविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले लोक कुलपाच्या प्रश्नावर दोन तंबूंत गेले. शेवटी आओमोरीच्या बाजूला १९९७ मध्ये २७ ठरावीक मार्ग आणि आगाऊ परवानगी असा तोडगा निघाला. २००३ पासून परवानगीऐवजी नुसती पूर्वसूचना पुरते. आकितात गाभा बंदच राहिला. एकाच जंगलात प्रांताची सीमा ओलांडली की नियम बदलतो. अस्वलाला हे कोण सांगणार!

बारीक अक्षरातल्या अटी अधिक बोलक्या आहेत. गाभ्यात शेकोटी नको, मासे धरायचे नाहीत, कोंब खुडायचे नाहीत. २००४ मध्ये सगळं वारसाक्षेत्र राष्ट्रीय पक्षी-प्राणी संरक्षण क्षेत्र झालं आणि शिकार बंद झाली. पर्यटकासाठी या अटी रास्त आहेत. पण एकेक करून वाचत गेलं तर ही मातागीच्या वर्षाची दिनदर्शिकाच आहे. फक्त प्रत्येक महिन्यापुढे ‘नाही’ लिहिलंय. नियम करणाऱ्यांचा मातागींवर राग नव्हता. त्यांच्या नकाशावर मातागी नव्हतेच. नोंदीतलं वर्णन होतं ‘जवळपास अस्पर्श अरण्य’. त्या वर्णनात बसायचं तर कोयत्याच्या खुणा नजरेआड कराव्या लागतात.

आपल्याकडची देवराई आठवते. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, पण माणूस जातो: नवस फेडायला, जत्रेला, कधी पाणी प्यायला. धाक देवाचा असतो आणि राखण गावाची. मातागींची डोंगरदेवी याच जातकुळीतली. ‘माणूस नको’ ही कल्पना वेगळ्या वंशाची आहे, आणि ती आपल्यालाही परकी राहिलेली नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाट याच वारसा यादीत गेला तेव्हा महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणं त्यात होती. चांदोलीतली गावं त्याआधीच उठवली गेली होती.

मातागींचं खरं मोठं नुकसान मात्र नियमांनी केलं नाही, हेही सांगायला हवं. निशिमेयातल्या सुनाकोसे आणि कावाराताई या मातागींच्या गावांना १९६० च्या मेया धरणाने एकदा हलवलं होतंच. त्याच नदीवर मोठं त्सुगारू धरण २०१६ मध्ये पूर्ण झालं आणि गावांच्या जागा पाण्याखाली गेल्या. वर दहा हजार हेक्टर अस्पर्श राखलेले आणि ते ज्यांना पाठ होतं त्यांची घरं खाली बुडालेली. मी आजवर वाचलेल्या पर्यटन पत्रकांत अरण्याचं पान आणि धरणाचं पान ही दोन वेगवेगळी आकर्षणं असतात.

आज आत काय चाललंय

संवर्धन म्हणून पाहिलं तर गाभा उत्तम टिकला आहे. तोड नाही, रस्ता नाही. पडलेलं झाड पडलेलंच राहतं, त्याच्यावर अळंबी येते, उजेडाच्या तुकड्यात नवी रोपं स्पर्धेला लागतात. बुटक्या बांबूचं दाट जाळं खाली असतं. ते फुलून मरतं तेव्हा बुनाच्या रोपांना संधी मिळते, मग पुन्हा कित्येक वर्षं वाट. १९९७ मध्ये आकिताच्या संशोधकांना इथल्या पानांखालच्या मातीत एक यीस्ट सापडलं. गोठवलं तरी न मरणारं, म्हणून पावाच्या धंद्याला हवंहवंसं. आज ‘शिराकामी कोदामा’ नावाने त्याचे पाव विकले जातात. नकोशा झाडाखालून निघालेला हा माल बहुधा लाकडापेक्षा जास्त दिवस पुरेल.

त्सुगारू खिंडीजवळ ‘मदर ट्री’ म्हणून प्रसिद्ध असलेला, ४०० वर्षांचा समजला जाणारा बुना होता. २०१८ च्या सप्टेंबरमधल्या वादळात त्याचं खोड वरच्या बाजूने मोडलं. लोक हळहळले. जंगलाच्या हिशोबात ही बातमीच नाही.

जंगलाच्या हिशोबातल्या बातम्या दोन. पहिली अस्वलांची. २०२३ मध्ये उत्तर होन्शूत बुनाला जवळपास फळच आलं नाही. अस्वलं गावात उतरली; त्या वर्षी देशभरात दोनशेहून अधिक लोकांवर हल्ले झाले, सहा जण गेले आणि आकिता प्रांत सगळ्यांत पुढे होता. २०२५ त्याहून वाईट निघालं: दहाहून अधिक मृत्यू, आणि नोव्हेंबरमध्ये आकितात सापळे वाहून न्यायला स्वसंरक्षण दलाचे जवान बोलवावे लागले. याचं खापर शिराकामीच्या नियमांवर फोडणं चूक ठरेल; हल्ले झाले ती गावं बहुतेक या क्षेत्रापासून दूर आहेत. फळ हुकलं, गावं ओसाड झाली, शेताच्या कडेची झाडी माजली, शिकारी म्हातारे झाले. शेवटचं कारण मात्र या प्रकरणाशी जोडलेलं आहे. अस्वल कुठून उतरतं, कुठल्या सोंडेवर थांबतं, वाऱ्याची कुठली बाजू धरतं हे वाचता येणारी माणसं एका पिढीत तयार होत नाहीत, आणि त्यांची शाळा डोंगरातच भरायची.

दुसरी बातमी हरणांची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. सिका हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या भागातून नाहीसं झालं होतं. खोल बर्फात त्याचे बारीक पाय रुततात. आता बर्फ कमी पडतो, दक्षिणेकडच्या प्रांतात हरणं बेसुमार वाढली आहेत, आणि गेल्या दशकात वारसाक्षेत्राच्या आसपास लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत ती दिसू लागली. एखाददुसरा नर, मग अधूनमधून आणखी. जपानमधल्या इतर डोंगरांत हरणांनी काय केलं ते माहीत आहे: खालची सगळी झुडपं, फुलं, रोपं फस्त, वर म्हातारी झाडं उभी आणि खाली उघडी माती. बुनाचं जंगल असं वरून हिरवं राहून आतून संपू शकतं. त्यात हवामान तापत गेलं तर शतकाअखेर इथे बुनाला मानवणारी जागाच खूप आकसेल असं अभ्यासकांचं अनुमान आहे.

‘काहीही करायचं नाही’ हा नियम रस्ता आणि करवत डोळ्यांसमोर ठेवून केला होता. हरीण आत येतंय आणि बर्फ मागे हटतोय, तेव्हा काही न करणं हाही एक निर्णय होतो. सरकारी यंत्रणांना हे कळलेलं आहे. क्षेत्राच्या बाहेर हरणं मारण्याचे प्रयत्न चालू आहेत, वैज्ञानिक समिती आहे, कॅमेरे वाढवले आहेत. अडचण अशी की कॅमेरा जिथे लावला तेवढंच बघतो, तो लावायला कोणीतरी ओढ्यातून दोन दिवस चालत जावं लागतं आणि उभ्या उतारावर हरणाचा माग काढणाऱ्या, बंदूक चालवणाऱ्या, रात्र काढता येणाऱ्या माणसांची गरज पडणार ती याच दहा वर्षांत.

नेबुकांच्या बाजूचा युक्तिवाद १९९० च्या दशकात भावनिक वाटला असेल. आज तो मनुष्यबळाच्या तक्त्यासारखा वाचता येतो. तरीही आकिताची बाजू सरसकट चुकीची होती असं मी म्हणणार नाही: गाभा सर्वांना खुला केला असता तर वाटा, शौचालयं, धाबे आणि मग रस्ता दुरुस्तीची मागणी, हा क्रम आपण महाबळेश्वरपासून कासपर्यंत पाहिलेला आहे. चूक झाली ती ‘सर्व’ आणि ‘कोणीच नाही’ यांच्या मधलं घर रिकामं ठेवण्यात. हरकती मोजताना कायद्याने हितसंबंधित कोण हे बारकाईने पाहिलं होतं: पाणी कोणाच्या शेतात येतं, नदी कोणाच्या दारावरून जाते. कुलूप लावताना तोच प्रश्न कोणी विचारला नाही.

निशिमेयातले काही जुने मातागी आणि त्यांच्याकडून शिकलेले तरुण आता वाटाडे म्हणून काम करतात, बाहेरच्या पट्टीत आणि पूर्वसूचनेच्या मार्गांवर. पाहुण्यांना अस्वलाचे ओरखडे दाखवतात, बर्फातली आळी दाखवतात. कुठे जुन्या कोयत्याच्या खुणा असलेला बुना वाटेत आला तर तोही. खुणांमधले आकडे आता हातभर रुंद झालेत आणि कडा बोथटल्यात. कुठला तीन आणि कुठला आठ हे ओळखायला वाटाड्याला बोट फिरवून बघावं लागतं.